शाळेशी लागलेलं लग्न

प्रिय सर,

तुम्ही गेलात त्याला तीन महिने होऊन गेले. शाळेच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली, तेव्हा सगळे बोलले आणि मी बोललेच नाही. माईकपाशी गेले, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसले. आठवडाभर वर्गात अखंड बडबड करणाऱ्या बाई आज गप्प कशा, असं आपले शिपाईमामा नंतर कुणाला तरी विचारत होते.

मग आज का लिहायला बसले? तुमच्या वहीमुळे.

गेल्या महिन्यात आपल्या शाळेची मौखिक परीक्षा होती. ग्रंथालयात तेच लांब सागवानी टेबल, तीच भिंतीवरची घड्याळं, एक चालणारं आणि एक बंद. तुमच्या खुर्चीत मी. दुपारी मुलं संपली आणि दारात तुमची माधवी उभी. दिवेआगरचं घर आवरायला घेतलंय म्हणाली, आणि पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून तिने माझ्यासमोर ठेवली. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, ही सुनंदाची आहे," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, माझी एखादी जुनी निबंधाची वही असेल. उघडली तर तुमचं अक्षर. आणि त्या अक्षरात माझ्या आजीचा धवला!

सर, मला तुमच्यावर रागवायचं आहे. पण ते जरा वेळाने. आधी मला तो पहिला दिवस पुन्हा एकदा सांगू द्या. तुम्हाला तो पाठ आहे हे मला ठाऊक आहे, तरीही.

मी तेरा वर्षांची. मिठागरावरच्या गावातली, सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. आठवीला आपल्या शाळेत जागा मिळायची तर मौखिक द्यावी लागे, आणि ती शाळा म्हणजे काय ते आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. शंभर वर्षांची काळ्या दगडाची इमारत, भिंतीवर पहिल्या आलेल्यांच्या नावांचा फळा, त्यात वकील, डॉक्टर, न्यायाधीश. आमच्या गावातलं एकही नाव नाही. बाबा मला सायकलवर पुढे बसवून घेऊन आले. त्यांच्या हातांना मिठाने चिरा पडलेल्या असायच्या, म्हणून ते हात मागे बांधून व्हरांड्यात उभे राहिले.

मौखिक परीक्षेची रीत तेव्हा एकच होती. परीक्षकाने श्लोकाच्या चार ओळी एकदा म्हणायच्या, मुलाने ऐकून तशाच म्हणून दाखवायच्या. जमलं तर आत, नाही जमलं तर घरी. तुम्ही ओळी म्हणालात. मी पहिला शब्द म्हणाले आणि पुढे काहीच नाही. संस्कृत मी त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. मुख्याध्यापकांनी यादीवर माझ्या नावापुढे फुली मारली आणि पुढच्या मुलाला बोलवायला सांगितलं.

तेव्हा तुम्ही हात वर केलात. "थांबा जरा. बाळ, तुला दुसरं काही पाठ आहे का?"

"हाय," मी म्हणाले. "आजीचा धवला येतो मना."

मुख्याध्यापकांना धवला म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? मी सांगितलं की माझी आजी धवलारीण आहे. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी भटजी नसायचा, धवलारीण असायची. ती बसून धवला गाते, मांडवाच्या पहिल्या खांबापासून हळदीपर्यंत, देवांना बोलावण्यापासून नवरीला आशीर्वाद देण्यापर्यंत, आणि त्यावर लग्न लागतं. आजीला अक्षर येत नव्हतं, सगळं तोंडी. तिच्याबरोबर लग्नांना जाताना हळदीचं ताट धरायला मी असायचे, तेवढ्यावरच मला ते पाठ झालेलं. तुम्ही म्हणालात, म्हण मग.

मी म्हणायला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर रांगेतल्या पालकांची चुळबुळ सुरू झाली, शिपाईमामांनी दोनदा दारातून डोकावून पाहिलं. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि पुरे म्हणाले. मी थांबले नाही. एका श्वासाच्या जागेत तेवढं सांगितलं, "अर्धा सोरायचा नसतो," आणि पुढे चालू. आजीची शिकवणच तशी होती. धवला सुरू केला की पुरा करायचा, मधे सोडला तर लग्नाला खोट येते.

"म्हणू दे तिला," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून पेराने टेबलावर टकटक सुरू केलीत. माझ्या चालीच्या मागोमाग, हळू. पाऊण तास मी गायले आणि पाऊण तास तुम्ही टकटक केलीत. संपल्यावर तुम्ही तेच बोट तसंच ठेवून म्हणालात, आता माझा श्लोक ऐक, आणि त्या चार ओळी टकटक करत पुन्हा म्हणालात. या वेळी मी तीन ओळी म्हटल्या आणि चौथी अर्धी. माझ्या नावापुढची फुली तुम्ही स्वतः खोडलीत.

घरी आले तर आजीने आधी पाणी दिलं, मग विचारलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर तिचा चेहरा बदलला. "शेवट पन बोललीस?"

"व्हय."

"कोनाचा लगीन होता गो तिथं?"

तेव्हा मला कळलं की मी काय करून ठेवलंय. धवल्याचा शेवट, तो आशीर्वादाचा भाग, नवरीच्या अंगाला हळद लागलेली असतानाच म्हणायचा. मांडव नाही, हळद नाही, नवरी नाही, अशा ठिकाणी तो कधीच म्हणायचा नाही. मी तो सरकारमान्य शाळेच्या ग्रंथालयात, दोन घड्याळांखाली म्हणून आले होते! मी रडायला लागले. आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बरा. आता तुजा लगीन लागला त्या शालेशी. नांद सुखानी."

बाबांनी ही गोष्ट तुम्हाला सांगितली आणि त्या दिवसापासून तुम्ही मला शाळेची सून म्हणायला लागलात. वर्गात उशिरा आले की, सूनबाई, सासरी वेळेवर यावं. गृहपाठ विसरले की, सूनबाई, माहेरी राहिला का? मला तेव्हा इतकी लाज वाटायची की बाकाखाली शिरावंसं वाटे. आज कुणी तसं म्हणणारं उरलं नाही.

मुलं तुम्हाला मागून काय म्हणायची, माहीत होतं ना? टकटक सर. श्लोक म्हणताना कुणी अडलं की बाकीचे शिक्षक पुढचा शब्द सांगत. तुम्ही कधी म्हणजे कधी सांगितला नाहीत. फक्त बाकावर बोटाचं पेर वाजवत राहायचात. "शब्द मी देणार नाही. चाल देतो. शब्द तुझ्याकडेच आहेत." किती चिडायचो आम्ही! आणि मग दोन मात्रा जास्त वाजल्या की शब्द यायचा, निमूटपणे, बाकाखालून मांजर निघावं तसा.

तुमच्या त्या एका दिवसामुळे मौखिक परीक्षेची रीत बदलली, तेही सांगते. श्लोक नाही जमला की दुसरा प्रश्न, तुला जे पाठ आहे ते म्हण. आता नियमाप्रमाणे प्रवेशाला परीक्षा घेता येत नाही, मौखिक उरली आहे ती फक्त संस्कृतच्या तुकडीपुरती, पण दुसरा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. यंदा एका मुलाने पेणपासून बोर्ली पंचतनपर्यंतचे एसटीचे सगळे थांबे म्हणून दाखवले, सरळ आणि मग उलट. त्याचे वडील कंडक्टर. मी त्याला घेतलं. तुम्ही असतात तर उलट म्हणताना टकटक केली असतीत.

आता रागवते.

मी पुण्याला एम.ए. करत होते, वसतिगृहात राहत होते, तेव्हा तुम्ही माझ्या घरी जात होतात! वहीत एकूण अकरा रविवार आहेत. प्रत्येक रविवारी वरच्या कोपऱ्यात तुम्ही काय खाल्लंत तेही लिहिलंय. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कोरा चहा, एकदा नुसती शेवग्याची भाजी आणि पुढे कंसात ‘फार सुंदर’. एसटीने फाट्यावर उतरून खाऱ्या पाण्याच्या खाजणाच्या बांधावरून दोन मैल चालत जायचात आणि आजीसमोर बसून तिचा धवला उतरवून घ्यायचात. मला ना तुम्ही सांगितलंत, ना आजीने, ना बाबांनी. सगळे एक झालेले. मी सुट्टीत घरी आले की आजी विचारायची, तुजे मास्तर बरे हायत ना? जशी काही तिची तुमची गाठच नाही.

आणि कसं उतरवलंय तुम्ही! वर्गात फळ्यावर संस्कृतच्या ओळींना लघु-गुरूच्या खुणा करायचात ना, तशाच खुणा आजीच्या शब्दांवर. एकही शब्द सुधारलेला नाही. हलद तर हलद, पानी तर पानी. जिथे आजीने दोन तऱ्हांनी म्हटलं तिथे दोन्ही लिहून खाली टीप. ज्या लोकांनी आठवीत माझ्या ‘हाय’ आणि ‘नाय’ला खदाखदा हसून दाखवलं होतं, त्यांच्या शाळेतला सगळ्यात मोठा संस्कृतचा माणूस माझ्या आजीपुढे मांडी घालून विद्यार्थ्यासारखा बसला होता. हे मला तेव्हा कळलं असतं तर सर, मी वेगळी झाले असते का? कदाचित नसते. पण कळायला हवं होतं.

तुम्ही माझी भाषा कधी सुधारली नाहीत. सुधारली ती मीच. दहावीपर्यंत माझ्या तोंडून ‘ळ’ आणि ‘ण’ असे बाहेर पडायला लागले की खुद्द माझ्याच चुलत्यांना मी परकी वाटायला लागले. घरी आजीशी एक आणि बाहेर एक. मग घरीही तेच.

आणि आता मला ती गोष्ट सांगायलाच हवी, जी तुम्ही आयुष्यात कधी काढली नाहीत.

तुमच्या निवृत्तीच्या वर्षीचा वर्धापनदिन. मी शाळेत शिक्षिका होऊन चारच वर्षं झाली होती. आजी जाऊन सात. व्यासपीठावर पाहुणे, समोर भिंतीवरच्या फळ्यातली निम्मी नावं प्रत्यक्ष बसलेली. तुम्ही भाषणात शाळेच्या पाठांतराच्या परंपरेबद्दल बोललात आणि बोलता बोलता माझ्याकडे वळलात. "आमच्या सुनंदाबाईंना एक धवला येतो. या सभागृहाने असं काही ऐकलेलं नाही. बाई, शेवटचा भाग म्हणाल?"

सगळे माझ्याकडे वळले. मी नवी कोरी सुती साडी नेसले होते. माझ्या शेजारच्या बाईंनी पुटपुटत विचारलं, धवला म्हणजे ते आगऱ्यांचं लग्नातलं गाणं का? मी उभी राहिले आणि म्हणाले, मी विसरले, सर.

तुम्ही "बरं" म्हणालात आणि भाषण पुढे नेलंत. तुमच्या आवाजात काहीही नव्हतं. मी मात्र खोटं बोलले होते. तुम्ही मागितलेला तेवढाच भाग त्या क्षणी माझ्या जिभेवर होता. लग्नाशिवाय म्हणायचा नसतो असं मी सांगू शकले असते, ते खरंही होतं आणि तुम्हाला आवडलंही असतं. पण मला ते कारण सुचलंच नाही, कारण खरं कारण ते नव्हतंच. मला लाज वाटली होती. आजीची लाज, सर. तिने मला घडवलं आणि मला तिची लाज वाटली.

आता वहीचं शेवटचं पान.

सगळी वही भरलेली आहे आणि शेवटचं पान जवळजवळ कोरं. वर तुम्ही नीट, रेघ मारून लिहिलंय, ‘शेवट’. त्याखाली काळ्या शाईत: ‘आजी सांगत नाहीत. नवरी नाय, हलद नाय, शेवट कसा बोलू मास्तर, म्हणतात. सुनंदाला येतो. तिला विचारणे.’ त्याखाली निळ्या शाईत: ‘विचारले. विसरली म्हणते.’

आणि त्याखाली पेन्सिलीने, तुमच्या शेवटच्या वर्षांतल्या त्या थरथरत्या अक्षरात: ‘विसरलेली नाही. वाट पाहणे.’

माधवी समोर बसली होती म्हणून मी रडले नाही. ती सांगत होती की चक्रीवादळ आलं तेव्हा तुमच्या घरावरची कौलं उडत होती, वाडीतल्या पोफळी एकामागून एक पडत होत्या, आणि तुम्ही सगळं सोडून ही वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या पिंपात खोल खुपसून ठेवलीत. तुमचं पेन्शनचं पुस्तक भिजलं आणि वही कोरडी राहिली. मी किती वेळा दिवेआगरला तुम्हाला भेटायला आले! नारळाची वडी खाल्ली, वाडीत फिरले, पडलेल्या झाडांची चौकशी केली. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. एका शब्दाने आठवण करून दिली असतीत तर? पण शब्द द्यायचा नाही हाच तुमचा हट्ट, नाही का?

एक गोष्ट मात्र मी ऐकवणारच. आम्हाला एकदा ऐकून म्हणायला लावायचात, आणि स्वतः? त्या मौखिक परीक्षेला माझा शेवट तुम्ही अख्खा ऐकला होता, टेबलावर वाजवला होता, आणि तुम्हाला तो आठवू नये? तुमचं नाव त्या दिवशी आजीच्या यादीत असतं तर फुलीच बसली असती.

आता खरी भीती सांगते. वही मिळाल्यापासून मी रोज सकाळी स्वयंपाकघरात धवला म्हणून पाहतेय. तुमच्या पानांच्या आधाराने सुरुवातीपासून सगळा येतो. शेवटाशी आले की पुढे पांढरं. एक शब्द नाही. बावीस वर्षांपूर्वी जे खोटं बोलले ते आता खरं झालंय की काय? माझ्या स्वतःच्या लग्नात धवला झालाच नव्हता, भटजी आणि बँडवर उरकलं होतं. म्हणजे तो शेवट मी शेवटचा म्हटला तो आजीच्या हयातीत, कुणाच्या तरी हळदीत. गावात आता दुसरी धवलारीण नाही. माझ्याकडे नसेल तर तो कुणाकडेच नाही.

चार दिवसांनी माझ्या भाचीची, प्राजूची हळद आहे. माझा धाकटा भाऊ जगदीश तुम्हाला आठवतो ना, चौथीत असताना माझ्याबरोबर येऊन शाळेच्या आवारातला पेरू तोडताना पडलेला? आता न्हावा शेव्याला त्याचे ट्रेलर चालतात आणि मुलीच्या हळदीला त्याने एवढा मोठा डीजे सांगितलाय की त्याचा आवाज मुंबईला जाईल. मी त्याला म्हटलं, मला धवला म्हणायचाय, तासभर लागेल. तो म्हणाला, "ताई, अर्धा तास घे. दुपारी घरची हळद लागेल तेव्हा. पाव्हणे डीजेसाठी येतायत गं, मी काय करू?"

अर्धा तास तर अर्धा तास. म्हणेन, सर. शेवट आला तर आला. नाही आला तर चारचौघांत, आजीच्या अंगणात, माझं खोटं माझ्या पदरात पडेल.

पत्र इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज, लग्नाच्या सकाळी लिहितेय. कागदावर पिवळे डाग दिसतील, ते हळदीचे आहेत. दोनदा साबण लावला तरी जात नाहीत.

काल दुपारी चारला प्राजूला पाटावर बसवलं. मांडवात घरच्या बायका, शेजारणी, जगदीशची सासू, आणि आमची थोरली काकी, जिने आजीच्या मागे बसून धवल्याला साथ केलेली. काकीला दिसत नाही आता फारसं. मी आजीसारखी पाटाच्या उजवीकडे मांडी घातली. वही मुद्दामच घरात ठेवली होती. सुरू केलं.

माझ्या त्या कमावलेल्या ‘ळ’ आणि ‘ण’ने मी म्हणत होते आणि ते कानाला कसंसंच लागत होतं. तिसऱ्या ओळीला आपोआप ‘हलद’ आलं. मग सगळं घर बोलतं तसंच तोंडात आलं. तरुण मुली आधी फोन धरून होत्या, हळूहळू फोन खाली गेले. काकी दुसऱ्या कडव्यापासून साथीला आली. मधे जगदीश येऊन उभा राहिला, घड्याळ पाहायला आला होता बहुतेक. अर्धा तास होऊन गेला तरी तो तिथेच उभा होता. डीजेवाला काहीतरी विचारायला आला तेव्हा त्यानेच त्याला हात करून मागे पाठवलं.

प्राजूच्या अंगाला हळद लागली. आणि मी शेवटाशी आले.

पांढरं. स्वयंपाकघरात होतं तसंच. काकीने साथ धरायला मान पुढे केली आणि तशीच थांबली, तिला तो भाग एकटीने येत नाही. बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. प्राजूनेही मान वळवली, हळदीने माखलेला चेहरा, डोळे तेवढे उघडे. "बोल गो नंदे," काकी हळूच म्हणाली. मनात एकच वाक्य होतं, मी विसरले, सर. या वेळी खरं.

आणि माझं बोट वाकलं, सर. उजव्या हाताचं मधलं. मी प्राजूच्या पाटाच्या कडेवर पेर वाजवायला लागले. शब्द नव्हता, चाल होती. एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली. बायकांना वाटलं असेल धवल्यातलाच भाग आहे. तिसऱ्यांदा वाजवताना पहिला शब्द आला. मग दुसरा. मग सगळा शेवट, एका दमात, आजीच्या आवाजाच्या उंचीवर, आणि काकीने तो पहिल्या शब्दाला उचलला. मी रडत होते आणि म्हणत होते, पण अर्धा सोडला नाही.

तुम्ही त्या दिवशी माझ्यामागे टेबलावर जे वाजवलंत, ते माझ्या हातात राहिलं होतं. इतकी वर्षं मी तेच बोट वर्गात मुलांसाठी वाजवत आलेय, स्वतःसाठी कधी वाजवलंच नव्हतं. तुम्हाला शेवट आठवला नाही आणि मला आठवला नाही, पण आपल्या दोघांमध्ये मिळून तो होता. आजी असती तर म्हणाली असती, बरा झाला मास्तर मागं बसला होता.

नंतर डीजे वाजला तो वाजलाच. मीही नाचले. तुम्हाला सांगायला काय लाज?

आज पहाटे उठून मी वही काढली. शेवट लग्नाशिवाय म्हणायचा नाही, पण मांडव अजून उभा आहे, नवरीच्या अंगावरची हळद अजून उतरलेली नाही, म्हणून तेवढ्यात कोऱ्या पानावर उतरवून काढला. वर लघु-गुरूच्या खुणाही केल्यात. दोन ठिकाणी चुकल्या असतील. तुम्ही असतात तर लाल शाईने गोल केला असतात आणि समासात ‘सूनबाई!’ असं लिहिलं असतंत.

सर, वचन देते. ही वही आपल्या शाळेच्या ग्रंथालयात, काचेच्या संस्कृतच्या कपाटात राहील, आणि तिच्या पहिल्या पानावर दोन नावं असतील, आधी आजीचं, मग तुमचं. पुढच्या वर्धापनदिनाला मी व्यासपीठावर धवला म्हणेन, शेवट सोडून, आणि का सोडला ते सांगेन. प्राजूने काल स्वतःहून विचारलंय, तिला शिकवेन. आणि निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत बसून जे लेकरू जे काही म्हणायला लागेल, थांबे म्हणो की धवला, ते शेवटपर्यंत ऐकेन आणि घड्याळाकडे बघणार नाही.

तुमच्या तीन ओळींखाली मी थोडी जागा सोडली होती. काळी शाई, निळी शाई, मग ती पेन्सिल. त्याखाली हळदीच्या बोटांनी पेन धरून मी चौथी ओळ लिहिलीय, तुमच्याच पद्धतीने, एका शब्दाची: ‘सांगितला.’

तुमची,
सुनंदा,
शाळेची सून